रात्री हळू लावलं की अ‍ॅम्प झोपतो, खाली माग सुरू झाला की जागा होतो: ऑटो स्टँडबायचं काय चुकतंय?

मागावरची_मुलगी (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, पण पोटापाण्याचं काम यंत्रमागाच्या पॅनेलांचं. कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, जळालेल्या मोटरी, हेच दिवसभर. ऑडिओतलं फार कळतं असा दावा नाही. घरचा अ‍ॅम्प मात्र मीच बांधलाय: दोन एलएम३८८६ (आवाज वाढवणाऱ्या पॉवर चिपा), २४-०-२४ चा पाच अँपियरचा साधा ईआय ट्रान्सफॉर्मर, रेल (चिपांचा सप्लाय) ३३-३३ व्होल्टच्या आसपास. तीन वर्षं झाली, कुरकुर नाही.

कुरकुर आहे ती बाबांची सवय. वय बहात्तर. जुन्या कॅसेटींवरच्या मैफिली मी त्यांना पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्यात. रात्री साडेदहाला लावतात, इतक्या हळू की मला पलीकडच्या खोलीत फक्त डग्गा ऐकू येतो. आणि ऐकता ऐकता झोपतात. अ‍ॅम्प सकाळपर्यंत चालू, सकाळी रेडिओ, दुपारी टीव्ही. म्हणजे बंद असा कधीच नाही. प्लगात लावायचा वॅटमीटर लावून बघितला तर काही वाजत नसताना १८ वॅट. महिन्याला तेरा युनिट नुसते हीटसिंक कोमट ठेवायला. बिलाचं एकवेळ सोडा, पण मे महिन्यात त्या कपाटावर हात ठेवला तर भाकरी शेकेल असं वाटतं.

म्हणून सिग्नल आला की चालू, सिग्नल गेला की थोड्या वेळाने बंद, असं सर्किट केलं. एलएम३५८ या दुहेरी ऑप-अँप चिपचा एक अर्धा भाग शंभर पट गेनचा (सिग्नल शंभर पट वाढवणारा), दुसरा कंपॅरेटर (सिग्नल ठरलेल्या उंबरठ्याच्या वर आहे का बघणारा). कंपॅरेटरच्या आउटपुटवरून १एन४१४८ डायोडमधून ४७० एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर चार्ज होतो, त्याला समांतर २.२ मेग, पुढे २एन७००० मॉसफेट आणि १२ व्होल्टचा रिले. रिले ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मेन्सकडची बाजू) तोडतो. सर्किटला १२ व्होल्ट द्यायला वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर. कागदावर सत्तावीस मिनिटं धरून ठेवायला हवं.

आता तक्रारी ऐका.

बाबा रात्री ऐकत असतात, गायक आलापीत असतो आणि अ‍ॅम्प बंद. सत्तावीस मिनिटं राहिली बाजूला, चार-पाच मिनिटांतच. कधी तीन. बाबा हाक मारतात, "अगं, तुझं ते यंत्र झोपलं बघ."

दुसरी उलटी. आमच्या घराखाली चार माग आहेत, एकेक एचपीच्या मोटरी. पहाटे पाळी सुरू झाली, पहिला माग लावला की वर अ‍ॅम्प टक् करून जागा. फ्रिजचा कॉम्प्रेसर लागला तरी कधीकधी.

तिसरी सगळ्यात वैताग आणणारी. बंद होताना टक् होतं आणि दोन सेकंदांत पुन्हा टक्, चालू. मग पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एका रविवारी दुपारी हे दोन तास चाललं होतं.

उंबरठ्याच्या प्रीसेटवर (स्क्रूने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरवर) मी नेलपॉलिशच्या तीन खुणा केल्यात. लाल खुणेवर ठेवला तर आलापीत बंद पडतो, गुलाबी खुणेवर ठेवला तर मागाने जागा होतो. मधल्या खुणेवर दोन्ही होतं! नेमका उंबरठा किती मिलिव्होल्टचा धरायचा हे कुणी सांगेल का?


सर्किटवेडा

ताई, हे सगळं काढून टाका. एटीटाइनी१३ घ्या, आठ पायांची चिप, आत एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आहे, टायमर सॉफ्टवेअरमध्ये. दहा ओळींचा कोड. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. आणि तो छोटा ट्रान्सफॉर्मर कशाला? ०.४७ एमएफडीचा एक्स२ (मेन्सवर लावायचा) कपॅसिटर, ब्रिज आणि १२ व्होल्टचा झेनर लावला की ३४ मिलिअँपियर मिळतात, रिलेला पुरतं. जागा वाचते, स्टँडबायला वीज जवळजवळ शून्य.


सोल्डरकाका (पुणे)

सर्किटवेडा, चिपचं नंतर बोलू. पण तो कपॅसिटर ड्रॉपर इथे लावायचा नाही. नाही म्हणजे नाही. एलईडी बल्बात चालतो, कारण तिथे आतल्या कशालाही माणसाचा हात लागत नाही. इथे सेन्सिंगचा (सिग्नल ओळखणाऱ्या भागाचा) ग्राउंड हाच ऑडिओचा ग्राउंड. म्हणजे आरसीए सॉकेटची बाहेरची कडी थेट लाइनला जोडली जाणार. प्लग उलटा बसला की फेज त्या कडीवर, तिथून केबलच्या शील्डवर, टीव्हीच्या बॉडीवर. वडील अंधारात केबल चाचपणार. मी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, जुन्या एसी-डीसी वॉल्व्ह सेटांच्या चासीला हात लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडलेलो आहे. ते सेट निदान लाकडी खोक्यात तरी असायचे.

ताई, मिलिव्होल्ट सांगायच्या आधी चार प्रश्न.

एक, सेन्सिंगची तार कुठून घेतलीत, व्हॉल्यूम पॉटच्या आधी की नंतर?

दोन, एलएम३५८ च्या फीडबॅकमध्ये ग्राउंडकडच्या रेझिस्टरला सिरीजमध्ये कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) आहे का? इनपुट शॉर्ट करून आउटपुटचा डीसी मोजा आणि बायसपासून (ठरलेल्या डीसी पातळीपासून) किती सरकलाय ते सांगा.

तीन, मागांना सुट्टी असते त्या दिवशी अ‍ॅम्प आपोआप जागा होतो का?

चार, पेन ड्राइव्हच्या बोर्डाला सप्लाय कुठून?


मागावरची_मुलगी (इचलकरंजी)

काका, तुमचे प्रश्न वाचतानाच पहिल्याचं उत्तर कळलं आणि कपाळावर हात मारला.

१. पॉटनंतर. चिपच्या इनपुटजवळ बोर्डवर एक मोकळं भोक होतं, तिथूनच तार ओढली. सोय बघितली, दुसरं काही नाही.

२. कंडेन्सर नाही. इनपुट शॉर्ट करून मोजलं, ३१० मिलिव्होल्ट सरकलाय. सकाळी मोजला तेव्हा ३००, दुपारी पत्रा तापल्यावर ३१२.

३. सुट्टीच्या दिवशी मागामुळे अर्थातच नाही, पण फ्रिजमुळे होतो. आणि ते टक्-टक् सुट्टीच्या दिवशीही होतं.

४. यूएसबी बोर्डाला वेगळा मोबाइल चार्जर. हे मात्र विचार करून केलं होतं. अ‍ॅम्पच्याच सप्लायवरून दिला असता तर अ‍ॅम्प बंद म्हणजे बोर्ड बंद, मग त्याला जागं करणारा सिग्नल येणार कुठून? आधी कोंबडी की आधी अंडं.

कामावर एक म्हातारा स्कोप आहे, तो दोन दिवस घरी आणला. पॉटच्या आधी: भरात आलेला तराणा ५०० मिलिव्होल्टच्या शिखरापर्यंत जातो. संथ आलापी २० ते ३० मिलिव्होल्ट. गाणं थांबवलेलं असताना बोर्डाचा स्वतःचा जो किणकिण आवाज असतो तो ०.८ मिलिव्होल्ट. बाबांच्या रात्रीच्या खुणेवर पॉट ठेवून नंतरच्या बाजूला बघितलं तर सगळं साधारण शंभराव्या हिश्शावर.


सोल्डरकाका (पुणे)

झालं. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे.

रात्री पॉट सिग्नल शंभर पट खाली आणतो, म्हणजे ४० डीबी. आलापीचे २०-३० मिलिव्होल्ट तुमच्या सर्किटपाशी ०.२-०.३ मिलिव्होल्ट होऊन येतात. शंभर पट वाढवले की २०-३० मिलिव्होल्ट. तेवढ्याशा सिग्नलला तुम्ही कंपॅरेटर लावलात, आणि त्याच आउटपुटवर ऑफसेट (डीसीची सरक) बसलाय ३१० मिलिव्होल्टचा, जो सकाळ-दुपार बारा मिलिव्होल्टांनी हलतो. एलएम३५८ चा इनपुट ऑफसेट दोन-तीन मिलिव्होल्ट असणं अगदी सामान्य आहे. दोष चिपचा नाही, तुम्ही डीसीलाही शंभर पट गेन दिलात. आता तुमच्या नेलपॉलिशच्या खुणा ऋतूप्रमाणे बदलणारच. माग आणि फ्रिज तारेत सोडतात तो कचरा मात्र पॉटने कमी होत नाही, तो पॉटच्या पुढेच तारेवर चढतो. वडिलांनी आवाज कमी केला की गाणं खाली जातं आणि कचरा आहे तिथेच. अशा ठिकाणी प्रीसेट कितीही फिरवा, बरोबर जागा नसतेच.

पॉटच्या आधी घ्या. तिथे बोर्डाची किणकिण ०.८ आणि आलापी २०. उंबरठा ४ मिलिव्होल्टवर ठेवला तर खालीही पाच पट अंतर, वरही पाच पट. याहून जास्त मोकळी जागा कुणाला मिळत नाही. वडिलांनी पॉट शून्यावर नेला तरी सर्किटला गाणं ऐकू येत राहील.

आता जोडणी. डावा आणि उजवा एकत्र करताना नुसते जोडायचे नाहीत, स्टिरिओचं मोनो होईल. प्रत्येकाला १० नॅनोचा कंडेन्सर आणि ४७के सिरीजमध्ये, आणि दोन्ही एका ऑप-अँपच्या इन्व्हर्टिंग पायावर. तो पाय व्हर्च्युअल ग्राउंड, त्यामुळे डाव्याचा सिग्नल उजव्यात जात नाही. फीडबॅकला १ मेग आणि त्याच्यावर ३३ पीएफ. गेन एकवीस. चिप टीएल०७२ घ्या, १ मेगसोबत एफईटी इनपुट बरा. नॉन-इन्व्हर्टिंग पाय अर्ध्या सप्लायवर, दोन १००के आणि ४७ एमएफडी. दुसऱ्या अर्ध्याचा नॉन-इन्व्हर्टिंग पाय थेट पहिल्याच्या आउटपुटवर. फीडबॅक २२के, खाली १के आणि त्याच्या सिरीजमध्ये ०.४७ एमएफडी. गेन तेवीस, डीसीला मात्र एक. ऑफसेटचा प्रश्न तिथेच संपला. दोन्ही मिळून पाचशेच्या जवळ, म्हणजे तुमचे ४ मिलिव्होल्ट तिथे दोन व्होल्ट होतात. दोन व्होल्टला कंपॅरेटर लावायला नेलपॉलिश लागत नाही.

१० नॅनो आणि ४७के हा हिशेब मुद्दाम आहे. कोपरा (जिथून खालचे सूर कापले जायला लागतात) ३४० हर्ट्झच्या आसपास येतो, दुसऱ्या स्टेजचा ०.४७ आणि १के पण तिथेच. दोन्ही मिळून ५० हर्ट्झचा हम चाळीसेक पट खाली जातो. वरच्या बाजूला १ मेग आणि ३३ पीएफ ४.८ किलोहर्ट्झला कापतात, चार्जरची आणि रेडिओची घाण तिथे थांबते. कुणी म्हणेल काळी एकचा सा १३८ हर्ट्झवर, तो तर कापला गेला. गेला तर गेला. आपल्याला गाणं ऐकायचं नाही, गाणं चालू आहे की नाही एवढंच बघायचंय. नुसता तानपुरा लावा. जवारी (तारांचा झणकार) नीट लागलेली असेल तर ५०० ते ३००० मध्ये इतके हार्मोनिक असतात की सर्किट खूश. गळ्याचंही तेच.

त्यापुढे १ एमएफडीचा कंडेन्सर, दोन डायोडचा डबलर, १०के मधून १० एमएफडी, त्यावर १००के. भरायला शंभर मिलिसेकंद लागतात. मागाचा ठोका एक-दोन मिलिसेकंदांचा, तेवढ्यात तो १० एमएफडी भरत नाही. तुमच्या सर्किटात कंपॅरेटरपासून थेट डायोड होता. एक ठोका आला की ४७० वर चार्ज टाकला आणि रिले लागला. झोपेतून उठवायला माणसालाही दोन हाका लागतात, सर्किटला एकीवर का उठवायचं? मग एलएम३९३ कंपॅरेटर, १०के आणि १ मेगचं हिस्टेरिसिस (चालू आणि बंदच्या पातळीत थोडं अंतर), उंबरठ्याला प्रीसेट.

टायमर. ४७० आणि २.२ मेगचं गणित तुम्ही बरोबर केलंत, कंडेन्सरने ते वाचलेलं नाही. दहा व्होल्टला २.२ मेगमधून साडेचार मायक्रोअँपियर जातात. आणि ४७० एमएफडी १६ व्होल्टच्या साध्या इलेक्ट्रोलिटिकला कंपनीच पंचाहत्तर मायक्रोअँपियरपर्यंत गळतीची मुभा घेते. घड्याळ तुमचा रेझिस्टर चालवत नाही, गळती चालवते. नव्या कंडेन्सरची कमी, वर्षभर पडून राहिलेल्याची जास्त, उन्हाळ्यात आणखी. वर २एन७००० चा उंबरठा ०.८ ते ३ व्होल्टमध्ये कुठेही. चार मिनिटं मिळाली यातच समाधान माना.

इथे सीडी४०६० (ठोके मोजणारी चिप) लावा. पिन १० ला ४७०के, पिन ९ ला ०.१ चा प्लास्टिक कंडेन्सर, पिन ११ ला ४.७ मेग, तिघांची दुसरी टोकं एकत्र. सव्वानऊ हर्ट्झ मिळतात. शेवटचा आउटपुट, पिन ३, ८१९२ ठोक्यांनंतर वर जातो: पावणेपंधरा मिनिटं. कंडेन्सर ०.१ चाच, गळतीचा विषय नाही. पिन ३ वरून पिन ११ कडे १एन४१४८, कॅथोड ११ कडे, म्हणजे वेळ भरली की मोजणी तिथेच थांबते. एलएम३९३ चा आउटपुट १०के पुलअपसह पिन १२, रीसेटला. सिग्नल आहे तोवर रीसेट होत राहतो, पिन ३ खाली. रिले पीएनपीने ओढा: बीसी५५७, बेसला ४.७के मधून पिन ३. खाली असेल तर रिले चालू. रिलेच्या कॉइलवर १एन४००७ विसरू नका.

आता तुमचं टक्-टक्. रिले प्रायमरी तोडतो तेव्हा ट्रान्सफॉर्मर लाथ मारतो, संपर्कात ठिणगी पडते, ती सेन्सिंगच्या तारेवर चढते, सर्किटला वाटतं गाणं आलं. स्वतःच्याच टक् ने जागं व्हायचं. प्रायमरीच्या दोन टोकांना १०० ओम आणि ०.१ एक्स२ सिरीजमध्ये लावा. बरेच जण ते रिलेच्या संपर्कावर लावतात, त्यातून अ‍ॅम्प बंद असतानाही सात मिलिअँपियर झिरपत राहतात. प्रायमरीवर लावलं की ती भानगड नाही. सेन्सिंगची तार शील्डेड, शील्ड एकाच बाजूला ग्राउंड, आणि रिलेपासून जितकी लांब जाईल तितकी लांब. प्रायमरीला सिरीजमध्ये एक एनटीसी (सुरुवातीचा करंटचा झटका अडवणारा थर्मिस्टर) पण टाका, पाच ओमवाला, नाहीतर दिवसात चार वेळा लागून रिलेचे संपर्क चिकटतील आणि मग बंदच होणार नाही.

सप्लायला तो छोटा ट्रान्सफॉर्मर काढा. चौकोनी डबीवाले आयसोलेटेड मॉड्यूल मिळतात, एचएलके-पीएम१२, तीन वॅटचे. इथे पुण्यात तपकीर गल्लीत कुणाकडेही असतात, तुमच्याकडे कोल्हापुरात मिळतील. आउटपुटला १०० ओम आणि ४७० एमएफडी लावून टीएल०७२ ला द्या, रिलेला थेट.

लाइट जाऊन आली की बायस बसेपर्यंत सर्किट एकदा गडबडेल आणि अ‍ॅम्प पंधरा मिनिटं उगाच चालू राहील. ते सोडून द्या. त्याच्यासाठी आणखी चार पार्ट लावणारे लोक असतात, त्यांची सर्किटं कधी पूर्ण होत नाहीत.


सर्किटवेडा

काका, ड्रॉपरचं पटलं. खरंच विचार केला नव्हता, माझ्या एका खोक्यात तसंच लावलंय, आज काढतो. पण ४०६० च्या जागी एटीटाइनी का नको ते सांगितलं नाहीत.


सोल्डरकाका (पुणे)

नको असं नाही. पुढचा अ‍ॅनालॉग भाग नीट असेल तर मागे काहीही लावा. तो नीट नसेल तर एडीसी कचराच मोजणार, फक्त दहा बिटांत. आणि एक व्यवहाराचं: पाच वर्षांनी सर्किट बिघडलं तर ४०६० गल्लीत मिळेल. तुझ्या कोडची फाइल कुठल्या लॅपटॉपवर होती ते तुलाही आठवणार नाही.


श्टुटगार्टचा_बंड्या

हा धागा वाचून जखमेवर मीठ. युरोपात नियमच आहे, २०१० पासून स्टँडबायला एक वॅटच्या आत, २०१३ पासून अर्ध्या वॅटच्या आत, आणि वापर नसेल तर यंत्राने आपणहून झोपी जायचं. हेतू उत्तम. पण माझा सबवूफर रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू लावला की वीस मिनिटांत झोपतो, कारण त्याच्यापर्यंत सिग्नल पोचतो तो व्हॉल्यूमच्या नंतरचा. म्हणजे ताईंचाच आजार, फक्त कारखान्यात बनवलेला. मागे ऑन-ऑटो-ऑफ असा खटका आहे, तो मी पहिल्या महिन्यातच ऑनवर नेला आणि तिथेच आहे. अर्ध्या वॅटचा नियम पाळणारं यंत्र वर्षभर दहा वॅट पितंय.

एक शंका: माझ्याकडे टीडीए७२९४ चा अ‍ॅम्प आहे. त्याला स्टँडबायचा स्वतंत्र पाय असतो, मग प्रायमरी तोडायचीच कशाला?


सोल्डरकाका (पुणे)

पाय ९ स्टँडबाय, पाय १० म्यूट. स्टँडबायमध्ये चिप साधारण एक मिलिअँपियरवर येते, एरवी तीसच्या आसपास. चालू करताना आधी स्टँडबाय सोडायचा, मग म्यूट. बंद करताना उलट. दोन आरसी वेगवेगळे ठेवून ते जमतं, धप्प आवाजही येत नाही, आणि गाण्याचा पहिला शब्द खाल्ला जात नाही. पण ट्रान्सफॉर्मर जोडलेलाच राहतो. टोरॉइड (गोल कड्याचा ट्रान्सफॉर्मर) चांगला असेल तर एक-दोन वॅटांवर सुटाल. ताईंच्या साध्या ईआय ट्रान्सफॉर्मरला तसं चालणार नाही, त्यांच्या १८ वॅटांतले अर्ध्याहून जास्त तो ट्रान्सफॉर्मरच खातोय. चिपांचा हिशेब करा: ६६ व्होल्ट, ५० मिलिअँपियर, दोन चिपा, साडेसहा वॅट. उरलेलं लोखंडात.


मागावरची_मुलगी (इचलकरंजी)

तीन आठवड्यांनी येतेय, मध्ये मागांच्या पॅनेलांची कामं निघाली.

काकांनी सांगितलं तसंच केलं, एक चूक सोडून. पहिल्या दिवशी काहीच बंद होईना. पंधरा मिनिटं, वीस, अर्धा तास. ४०६० च्या पिन ११ वर स्कोप लावला, ठोके व्यवस्थित. पिन १२ वर बघितलं तर दर सेकंदाला रीसेट. किणकिणीचा संशय घेऊन यूएसबी बोर्ड काढला, तरी तेच. शेवटी टीव्हीची केबल काढली आणि शांत झालं. आमचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी ऑडिओ आउटमधून ५-६ मिलिव्होल्टची खरखर सोडत राहतो, म्हणजे ४ मिलिव्होल्टच्या वर. मी मोजमाप घेतलं तेव्हा सिलेक्टर यूएसबीवर होता, त्या बॉक्सचा विचारच केला नव्हता. आता उंबरठा ९ वर नेलाय. आलापीच्या २० च्या खाली दुप्पट अंतर उरतं, पाच पट नाही. बाबा तीन आठवडे रोज रात्री ऐकतायत, एकदाही मध्ये बंद पडलेला नाही. सगळ्यात हळू मैफल शोधून लावली, सुरुवातीला चार मिनिटं नुसतेच तानपुरे लावणं चाललंय, तीही पार पडली. तुमचं जवारीचं खरं निघालं.

मागाचं म्हणाल तर पहाटे पाच वाजता मुद्दाम खाली जाऊन उभी राहिले. माग लावणाऱ्या मामांना सांगितलं, चारही एकदम सुरू करा. ते माझ्याकडे बघतच राहिले. वर अ‍ॅम्प ढिम्म. फ्रिजने एकदाही उठवला नाही. टक्-टक् थांबलं, ते १०० ओम आणि ०.१ लावण्याआधी आणि नंतर दोन्ही करून बघितलं, फरक स्वच्छ आहे.

स्टँडबायला माझा वॅटमीटर ०.० आणि ०.६ च्या मध्ये नाचतो. एवढ्या कमीला तो विश्वासाचा नाही, पण १८ नाही एवढं खरं. जुना छोटा ट्रान्सफॉर्मर एकटा जोडून बघितला तर तोच २.४ वॅट खात होता! तो काढायला सांगितलंत ते बरं झालं.

राहिलेल्या दोन गोष्टी. अ‍ॅम्प उठायला अडीच सेकंद लागतात, त्यामुळे सकाळी रेडिओ लावला की निवेदकाचं पहिलं वाक्य गिळलं जातं. बाबांची त्याबद्दल तक्रार नाही, म्हणतात नमस्कारच असतो. दुसरी खरी अडचण आहे. गाणं संपतं, बाबा तोवर झोपलेले असतात, आणि पंधरा मिनिटांनी रिलेचा टक् होतो त्याने त्यांना जाग येते. कपाट लाकडी, पोकळ, चांगलं घुमतं. गेल्या आठवड्यात दोनदा उठून बघायला आले, कुणी दार वाजवलं का म्हणून. रिले बोर्डावरून काढून वायरींवर लोंबता ठेवला तर?


सोल्डरकाका (पुणे)

लोंबता अजिबात नको, त्यावर २३० आहे. रिले बोर्डावरच राहू दे, सगळा बोर्ड चासीपासून सोडवा. चारही स्क्रूंना रबरी ग्रॉमेट घाला, स्क्रू घट्ट आवळू नका, रबर दाबलं गेलं की उपयोग संपला. बोर्डाला जाणाऱ्या वायरी मऊ, मल्टिस्ट्रँड, थोडी ढील देऊन. कडक वायर आवाज पत्र्याला नेऊन पोचवते. मेन्सच्या दोन वायरी मात्र चासीला क्लॅम्प करा, सोल्डरवर ओढ यायला नको. अ‍ॅम्पच्या पायांखालीही रबर आहे का बघा, नसेल तर जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चालतात.

आणि पिन ९ चा ०.१ काढून ०.२२ लावा. बत्तीस मिनिटं होतील. तोवर वडील गाढ झोपलेले असतील.


मागावरची_मुलगी (इचलकरंजी)

०.२२ आत्ताच लावला. ट्यूबचे तुकडे खालच्या मामांकडून आणलेत. ग्रॉमेट उद्या.